उकळती पेज

बेघरांच्या निवाऱ्यात कामाला लागले त्या पहिल्या दिवशी मॅनेजरनं मला आधी सुऱ्या कुठे कुलपात ठेवायच्या ते दाखवलं. मीठ-तिखटाचे डबे नंतर. "काम झालं की मोजून आत ठेवा," तो म्हणाला, "आणि लाटणं परातीखाली झाकत जा." मला वाटलं, हा माणूस उगाच घाबरवतोय. त्याआधी मी नऊ वर्षं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला होता. तिथे फार तर भाजीत अळी निघाली म्हणून आरडाओरडा व्हायचा.

आठवड्याभरात कळलं. जेवणाच्या रांगेत पुढे कोण यावरून एकानं दुसऱ्याच्या कानाचा लचका तोडला. रक्त वरणाच्या पातेल्याच्या काठावर उडालं. मी ते फडक्यानं पुसलं आणि वाढत राहिले, कारण मागे तीस-चाळीस माणसं ताटं वाजवत उभी होती. दुसऱ्या महिन्यात एक स्टीलचं ताट भिरभिरत आलं आणि माझ्या कपाळावर बसलं. तीन टाके पडले. ज्यानं फेकलं तो दुसऱ्या दिवशी रांगेत उभा होता आणि मी त्याला वाढलं. पण मीही पूर्वीसारखी राहिले नाही. कोणाचा हात पातेल्यात शिरला की बोटांवर झाऱ्याचा दांडा मारायला शिकले. आधी हळू, मग जोरात. घरी मी पोरांवर कधी हात उगारला नव्हता. इथे मात्र कोणाची बोटं लाल झाली तरी मला त्याचं काही वाटेनासं झालं.

निवारा नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत, बंद पडलेल्या शाळेत होता. पुढच्या बाजूला मोठा हॉल, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराचं दार मागच्या बोळात उघडायचं. माझं काम सकाळी सात ते दुपारी एक. हुडकेश्वरहून स्कूटीवर यायचे, जेवण वाढून, भांडी घासायला लावून घरी जायचे. नवरा कळमेश्वरला एका कारखान्यात वॉचमन होता. त्याला माझं हे काम आवडत नव्हतं, पण घरात बसलेली मी त्याहून कमी आवडायची.

ती बाई आली दुसऱ्या वर्षी. पोलिसांनी तिला रेल्वे स्टेशनजवळून आणलं होतं. चाळिशीची असेल, काळीसावळी, अंगानं मजबूत. तिची भाषा कोणालाच कळत नव्हती. कोणी म्हणालं तेलुगू, कोणी म्हणालं उडिया. मॅनेजरनं दोघा-तिघांना फोन लावून तिच्या कानाला धरला. ती बोलायची, पलीकडचा ऐकायचा आणि म्हणायचा, ही आमची भाषा नव्हे. हॉलमधली माणसं तिला मुकी म्हणायला लागली. ती दिवसभर बोलायची तरीही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी आले तर ती स्वयंपाकघरात परातीसमोर बसून कणिक मळत होती. कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "ऊठ, हे माझं काम आहे," आणि तिच्या हातातलं लाटणं ओढलं. तिनं माझ्या थोबाडीत मारली. पिठाच्या हातानं. मीही तिला मारली, तेवढ्याच जोरात. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मग तिनं माझ्या गालावरचं पीठ पदरानं पुसलं आणि परत मळायला बसली. तिच्या पोळ्या माझ्यापेक्षा पातळ व्हायच्या. मी लाटणं तिच्याकडे सोडलं आणि वरण-भात-भाजी माझ्याकडे ठेवली.

आमचं चांगलं जमलं. भांडायलाही भाषा लागते, ती आमच्याकडे नव्हती. मी मीठ दाखवलं की ती मीठ द्यायची. ती पोटावर हात ठेवून डोळे मिटायची, तेव्हा मी तिला कोपऱ्यात पडू द्यायचे. तिला मूल झालं असावं आणि ते राहिलं नसावं, असं मला तिच्या पोटावरच्या खुणा पाहून वाटायचं. हे मी मनानं ठरवलेलं. तिनं काही सांगितलं असेल तर मला ते कळलं नाही.

मागच्या बोळातून गल्लीतली लहान पोरं सकाळच्या शाळेतून परतायची, साडेअकराच्या सुमाराला. ती बाई खिडकीतून त्यांना साखर लावलेली पोळी गुंडाळून द्यायची. साखर मीच काढून द्यायचे. पोरांमध्ये कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची मुलगी असायची, सहा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. भाजीवाला माझ्या रोजच्या ओळखीचा. त्याचा ठेला गल्लीच्या तोंडाशी होता, मी स्कूटी लावली की तो सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी पुढे करायचा. "ने ना ताई, गरिबाईच्या वरणात टाक," म्हणायचा. त्यानं निवाऱ्याच्या सांभाराचे कधी पैसे घेतले नाहीत.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ फिरत होता. कुठल्यातरी गावात लोक एका माणसाला खांबाला बांधून मारत होते, आणि खाली लिहिलं होतं की पोरं पळवणारी टोळी शहरात आली आहे. भाजीवाल्यानंच मला तो दाखवला.

"पाहा ताई, लेकरं उचलून नेऊन राहिले."

"कोठचं आहे हे?"

"इथलंच. आपल्या नागपुरातलंच म्हणून राहिले सगळे."

"असल्या फेकाफेकीवर काय विश्वास ठेवून राहिले भाऊ तुम्ही!"

तो हसला नाही. "तुमचे पोरं मोठे झाले ताई," म्हणाला. "तुमाले काय टेन्शन."

मी सांभार घेतला आणि आत गेले. तेव्हा दोन मिनिटं थांबले असते तर, असं नंतर मी खूपदा म्हणून पाहिलं. खरं म्हणजे थांबले असते तरी काय बोलले असते मला माहीत नाही.

दोन दिवसांनी, मॅनेजर वॉर्डाच्या ऑफिसात मीटिंगला गेला होता. मी भात वेळत होते. आमच्याकडे भात मोठ्या पातेल्यात शिजवून वरची पेज दुसऱ्या पातेल्यात काढायची पद्धत होती. म्हाताऱ्यांना तीच मीठ घालून द्यायचो. पेज काढून मी ते पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवलं आणि मागे वळून पाहिलं, तर भाजीवाल्याची मुलगी स्वयंपाकघरात, उंबऱ्याच्या आत बसलेली. तिची एक वेणी सुटली होती. ती बाई तिच्या मागे बसून केस विंचरत होती, रिबीन दातात धरून. सगळी पोरं कधीच निघून गेली होती.

मला एकदम तो व्हिडिओ आठवला. मी ओरडले, "काय करून राहिली वं? सोड तिले! पोरीले आत काहून घेतलं?"

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की मुलगी दचकली आणि उठून पळायला गेली. वेणी बाईच्या मुठीत होती. केस ताणले गेले आणि मुलगी किंचाळली. मग सुटली आणि रडत बोळात धावली. बाई हातात रिबीन घेऊन तिच्यामागे बाहेर गेली. तिला रिबीन बांधून द्यायची होती, एवढंच.

गल्लीत मुलीला शोधणं आधीच सुरू झालं होतं. लोकांनी पाहिलं ते इतकंच, की मुलगी निवाऱ्याच्या मागच्या दारातून रडत पळत आली आणि एक अनोळखी बाई तिच्यामागे धावत आली.

मी दारात पोचेपर्यंत तिला केसांना धरून खाली पाडलं होतं. सुरुवातीला पाच-सहा जण असतील. मग बोळाच्या दोन्ही तोंडांनी माणसं आत येत गेली. चपला, हेल्मेट, एकाच्या हातात खाटेची लाकडी पट्टी. "बोल, कोठून आली? किती लेकरं नेले?" ते विचारत होते आणि ती उत्तर देत होती. तिच्या भाषेत. ती जितकं बोलायची तितका त्यांना पुरावा मिळायचा. "पाहा, भाषा पाहा हिची!" आणि पुढचा फटका. मी एका बाईला पाहिलं, माझ्याच वयाची, नेसत्या साडीचा पदर कमरेला खोचून ती तिच्या पोटात लाथ मारत होती आणि प्रत्येक लाथेला "लेकरं पाहिजे तुले? लेकरं?" असं म्हणत होती.

मी आत घुसले. "सोडा, आमची बाई आहे ती, स्वयंपाक करते!" कोणी ऐकत नव्हतं. माझ्या मानेवर काहीतरी बसलं आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी गुडघ्यावर आले, आणि तिथे मला तिचा पाय सापडला. घोट्याला धरून मी तिला मागे ओढत आणलं. तिचं डोकं फरशीवर आपटत येत होतं, ते मला ऐकू येत होतं, पण मी थांबले नाही. कसं कोण जाणे, तिला उंबऱ्याच्या आत घेतलं आणि दार लावून कडी घातली.

तिच्या चेहऱ्याचा डावा भाग ओळखू येत नव्हता. एक हात कोपराच्या खाली भलतीकडेच वळला होता. मी हॉलच्या दाराकडे धावले. ते आतून बंद होतं. आत चाळीस माणसं होती. पोळीच्या तुकड्यासाठी एकमेकांचे कान तोडणारी माणसं. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. "या ना गा कोणी! मारून टाकतील!" आतून एक आवाज आला, "ताई, आमाले बी मारतील." दार कोणी उघडलं नाही. मला त्यांचा राग आला, तो पुढे बरेच दिवस गेला नाही. आता विचार करते तेव्हा कळतं, की जमावाच्या हाती सापडलेला परका माणूस म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांत जास्त त्यांनाच माहीत होतं.

मागच्या दारावर लाथा बसत होत्या. कडी जुन्या शाळेची, लाकूड कुजलेलं. प्रत्येक लाथेला खिळे थोडे बाहेर यायचे. शेगडीवर पेज उकळत होती.

मी दोन फडकी घेतली, पातेल्याचे कान धरले आणि दारासमोर उभी राहिले. कडी उखडली, दार उघडलं, आणि जो माणूस पहिला आत आला त्याच्या अंगावर मी पेज फेकली.

तो भाजीवाला होता.

पेज पाण्यासारखी निथळून जात नाही, ती चिकटते. त्याच्या गळ्यावर, छातीवर, उजव्या हातावर ती चिकटली आणि तो ती दुसऱ्या हातानं पुसायला गेला तर कातडीच हाताला आली. तो ओरडला तसं मी माणसाला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या मुठीतून काहीतरी निसटून फरशीवर पडलं आणि फरशी तडकली. तराजूचं वजन होतं, दोन किलोचं.

मागचे लोक क्षणभर थांबले. मी रिकामं पातेलं टाकलं आणि भाताकडे वळले. झाऱ्यानं भात उचलून मी दाराबाहेर फेकत सुटले. वाफाळता भात, चाळीस माणसांचं जेवण. लोकांच्या तोंडावर, डोक्यावर, मोबाइलवर. मी शिव्या देत होते, अशा शिव्या ज्या मला येतात हेच मला माहीत नव्हतं. आणि एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. मला बरं वाटत होतं. कपाळावर ताट बसलं त्या दिवसापासूनचं, कदाचित त्याच्याही आधीचं काहीतरी माझ्या हातातून बाहेर पडत होतं आणि मला ते थांबवायचं नव्हतं. पातेलं रिकामं झालं तेव्हा वाईट वाटलं.

लोक हटले. भाजीवाल्याला दोघांनी उचलून नेलं. थोड्या वेळानं पोलिसांची गाडी आली, मग अॅम्ब्युलन्स. बाईला स्ट्रेचरवर ठेवताना ती शुद्धीत होती. उघड्या डोळ्यानं ती माझ्याकडेच पाहत होती.

माझा जबाब घेतला त्याच्या आधी मॅनेजरनं मला बाजूला नेलं. तो मीटिंग सोडून धावत आला होता, त्याचा शर्ट घामानं चिंब होता. "धक्काबुक्कीत पातेलं कलंडलं म्हणा," तो म्हणाला. "फेकलं म्हणू नका. तुम्हाला पोरं आहेत." मी तसंच सांगितलं. नंतर कळलं की भाजीवाल्यानंही दवाखान्यात तेच सांगितलं, धक्क्यात सांडलं म्हणून. फेकलं म्हटलं असतं तर तो तिथे वजन घेऊन काय करत होता हेही सांगावं लागलं असतं. आमच्या दोघांचं खोटं न ठरवता जुळलं.

गल्लीत मात्र निराळंच बोलणं सुरू झालं. मुलगी सुखरूप होती, बाई निर्दोष होती, हे एकदा कळल्यावर सगळ्यांना आपण तिथे नव्हतोच असं आठवायला लागलं. आणि भाजीवाल्याबद्दल लोक म्हणायला लागले, बिचारा सोडवायला गेला होता. तो तर निवाऱ्याला फुकट सांभार देणारा माणूस. त्या स्वयंपाकवाल्या बाईनं न पाहता त्यालाच जाळलं.

मी घरी नवऱ्याला विचारलं, "खरंच सोडवायले आला असेल का हो तो?"

नवरा बूट घालत होता. "असेल बी," म्हणाला. "आता काय करतं? काम सोड तेवढं."

मी काम सोडलं नाही. पण झोप उडाली. दार उघडल्यावर दिसलेला त्याचा चेहरा मी पुन्हा पुन्हा आठवायचे. तो रागात होता की घाबरलेला? तोंड उघडं होतं ते ओरडायला, की "ताई" म्हणायला? वजन हातात होतं हे मला माहीत होतं, पण मुलीला शोधायला धावताना चुकून हातातच राहिलं असेल, असंही असू शकत होतं. वीसेक दिवसांनी मला ते सहन होईना. एका दुपारी काम संपल्यावर मी त्याच्या घरी गेले.

ठेल्याच्या मागेच त्याची एक खोली होती. दार त्याच्या बायकोनं उघडलं. "काहून आल्या?" एवढंच म्हणाली, पण आतून तो बोलला, "येऊ दे." तो खाटेवर उघडाच बसला होता. गळ्यापासून छातीपर्यंत कातडी गुलाबी, सुरकुतलेली, मलम लावून चकचकीत. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली होती. मुलगी कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

मी उभ्यानंच विचारलं. "भाऊ, तुम्ही तिले सोडवायले आले होते ना?"

त्यानं कोपऱ्यातल्या मुलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही ताई. मारायलेच आलो होतो."

"लोक म्हणून राहिले..."

"लोक काय बी म्हणतीन. वजन घेऊन कोणी सोडवायले येते का? तिच्या डोक्यात घालणार होतो. तुम्ही मधात आल्या असत्या त तुमाले बी मारलं असतं. मले काही दिसूनच नव्हतं राहिलं." त्यानं चिकटलेल्या बोटांकडे पाहिलं. "पोरीनं मंग सांगितलं. केस विंचरून देऊन राहिली होती म्हणे. मी इले बी मारलं, दवाखान्यातून आल्यावर. या डाव्या हातानं. आधी काहून नाही सांगितलं म्हणून. आधी कोठी सांगणार होती ती? कोणी विचारलंच नव्हतं तिले."

मुलीची पेन्सिल थांबली होती.

"एक सांगा ताई," तो म्हणाला. "तुमाले दिसलो होतो का मी? का न पाहता फेकली?"

मी जाताना ठरवून गेले होते की न पाहता म्हणायचं. पोलिसांना सांडली म्हणून सांगितलं होतं, नवऱ्याला न पाहता फेकली म्हणून, आणि स्वतःलाही तेच सांगत होते. पण त्यानं नुकतंच जे सांगितलं होतं, त्यानंतर मला खोटं बोलता येईना.

"दिसले होते," मी म्हटलं. "ओळखलं होतं तुमाले. मंग फेकली."

त्यानं मान हलवली. रागावला नाही. पण त्याच्या बायकोनं ते ऐकलं, आणि ती माझ्यावर धावून आली. दंडाला धरून तिनं मला दारापर्यंत फरफटत नेलं आणि पायरीवरून ढकललं. मी बोळात पालथी पडले, तळहात सोलून निघाले. "रोज तुयासाठी जुडी बाजूले ठेवत होता तो, रोज!" ती ओरडत होती. आजूबाजूची दारं उघडली, लोक पाहत उभे राहिले. मी उठले, साडी झटकली आणि चालायला लागले. मागून एक चप्पल येऊन पाठीत बसली. मी वळले नाही.

ती बाई दवाखान्यातून सहा आठवड्यांनी परत आली. डावा डोळा गेला होता, हात वाकडा जुळला होता. मी तिच्यासाठी मऊ भात करून ठेवला, दूध घालून, आणि हॉलमध्ये तिच्या गादीपाशी घेऊन गेले. मला पाहताच ती भिंतीकडे सरकली. मी जवळ बसले तशी तिनं डोक्यावर दोन्ही हात घेतले, वाकडा आणि सरळ, आणि लहान मुलासारखी अंगाचं मुटकुळं करून बसली. मला वाटलं, ओळखलं नसेल. मी माझ्या गालाला हात लावला, लाटायची खूण केली, हसून दाखवलं. तिनं हात खाली घेतले नाहीत. तिनं ओळखलं होतं. त्या दिवशी फरशीवर पडल्या पडल्या एका डोळ्यानं तिनं मला पाहिलं होतं, पातेलं उचलताना, भात फेकताना, शिव्या देताना. तिला मारणाऱ्यांचे चेहरे तिला आठवत असतील-नसतील, माझा पक्का आठवत होता.

महिनाभर तिला जेवण दुसरं कोणीतरी नेऊन द्यायचं. मी हॉलमध्ये गेले की ती तोंड फिरवायची. मग एक दिवस बायकांच्या कायमच्या वसतिगृहात तिची सोय झाली, दुसऱ्या जिल्ह्यात, आणि सकाळी नऊ वाजता गाडी आली. मॅनेजरनं मला येऊन सांगितलं, "भेटायचं असेल तर भेटून घ्या." मी कुकर लावला होता. "नको," म्हटलं, "घाबरंल ती." आणि खिडकी लोटून घेतली. बाहेर गाडीचं दार दोनदा आपटल्याचा आवाज आला. पहिल्यांदा ते नीट लागलं नसावं.